मामांना आलेले पावणेपाच कोटी (आणि गेलेले साडेअठरा हजार)

कृष्णाकाठची (धागाकर्ती), सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. हसू नका.

माझे मामा, वय ७१, सांगलीत विश्रामबागेत राहतात. साखर कारखान्यात टाइमकीपर होते. चार मिनिटं उशीर झाला की हजेरीपुस्तकात लाल शाई, मग तो चेअरमनचा पाव्हणा का असेना. असा माणूस. गेले दोन महिने त्यांना दिल्लीच्या ऑफिसातून म्हणून मेल येतायत की रिझर्व्ह बँकेत त्यांच्या नावावर ४ कोटी ७५ लाख रुपये येऊन पडलेत. लंडनहून, कुठल्याशा 'भरपाई निधी'तून. सोबत सर्टिफिकेट. वर अशोकस्तंभ, मध्ये गांधीजी, खाली गव्हर्नरची सही आणि गव्हर्नर याच शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं.

काल मामींचा फोन आला म्हणून गेले, तर मामांनी पुढ्यात बॉक्स फाइल ठेवली. प्रत्येक मेलची प्रिंट, झेरॉक्सच्या दुकानातून पानाला पाच रुपये देऊन काढलेली. पंच केलेली, टॅग लावलेला. उजव्या कोपऱ्यात आवक क्रमांक, तारीख आणि मेल आल्याची वेळ. फाइलच्या पाठीवर त्यांच्या सुरेख अक्षरात 'विदेशी रक्कम : पत्रव्यवहार'. आवक २३, जावक १४. म्हणजे मामांनी चौदा उत्तरं धाडलीत!

पैसे आधी ३५०० गेले, 'फाइल उघडण्याचे'. मग १५,०००, 'दहशतवादविरोधी दाखल्याचे'. आता ४२,००० मागतायत, 'चलन रूपांतर शुल्क', आणि मामा मुदत ठेव मोडायला निघालेत. मी तोंड उघडलं की, "तू गप बस, तुला सरकारी कामातलं काय कळतंय?"

तर हे मेल बंद कसे करायचे, आणि मामांना सांगायचं कसं?

वाईचा_ढोल, रात्री १०.०५

पावणेपाच कोटी! मामांना म्हणावं हंड्रेड फूट रोडला दोन प्लॉट घ्या, एक आमच्या नावावर.

कृष्णाकाठची, रात्री १०.१२

ढोलभाऊ, हसू नका म्हटलं होतं ना. मामी रडतायत तिकडं.

बँकेतली, रात्री १०.२०

मेल कसे बंद करायचे ते नंतर बघू. शेवटचे पैसे कधी गेले? कितीही दिवस झाले असले तरी उद्या सकाळी पहिलं काम, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. हाताशी व्यवहाराचा क्रमांक, तारीख-वेळ आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील ठेवा. गेलेले पैसे एका खात्यात बसून राहत नाहीत, तासाभरात चार-पाच खात्यांतून फिरतात. तक्रार गेली की त्या साखळीतल्या बँकांना कळतं, आणि कुठं काही शिल्लक राहिलं असेल तर ते गोठवलं जातं. म्हणून पहिल्या तासाचं महत्त्व. उशिरा केलेली तक्रारही फुकट जात नाही, पण आशा त्या बेतानं धरा.

आणि कोणी 'तीन दिवसांत कळवलं की बँक भरून देते' असं सांगेल तर ऐकू नका. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा तो नियम तुमच्या नकळत खात्यातून गेलेल्या पैशांसाठी आहे. मामांनी स्वतःच्या हातानं पाठवलेत, ते त्यात बसत नाही.

मुदत ठेव दोघांच्या नावावर आहे का? असेल तर 'दोघांपैकी कोणीही' असं लिहिलेलं असलं तरी मुदतीआधी मोडायला साधारणपणे दोघांच्याही सह्या लागतात. मामींना म्हणावं, पेन लपवा.

कृष्णाकाठची, रात्री १०.४१

ठेव दोघांच्या नावावर आहे! देव पावला. पैसे जाऊन अकरा दिवस झाले. दोन्ही वेळा यूपीआयनं, परराज्यातल्या कुणाच्या तरी बचत खात्यात. मी मामांना विचारलं की रिझर्व्ह बँक असल्या कुणाच्या खात्यावर पैसे घेते का? तर म्हणाले, "तो त्यांचा अधिकृत एजंट आहे, आवक नंबर ९ बघ."

आणखी एक. त्यांनी आधार, पॅन आणि पासबुकाचं पहिलं पानही पाठवलंय.

बँकेतली, रात्री १०.५५

आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका, आधारच्या ॲपवरून होतं. त्यांच्या नावावर कुणी कर्ज उचललंय का ते दोन-तीन महिन्यांनी बघा. पत अहवाल प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एकदा फुकट मिळतो.

पासबुकाचं पान गेलंय त्याची मला जास्त काळजी. पुढची खेळी ही असू शकते: मामांच्या खात्यात अचानक तीस-चाळीस हजार येतील, आणि 'चुकून आलेत, यातले दोन हजार ठेवा, बाकीचे अमुक खात्यावर पाठवा' असा निरोप येईल. पैसे आलेले बघून माणूस हरखतो. पण ते दुसऱ्या कुणाचे तरी लुबाडलेले असतात आणि मामांचं खातं त्या साखळीतली एक कडी होतं. आमच्या शाखेत पलूसकडचा एक कॉलेजचा पोरगा होता. त्यानं पाच हजारांसाठी खातं 'भाड्यानं' दिलं. खातं गोठलं, आणि पोरगं परराज्यातल्या पोलीस ठाण्याच्या नोटिसा घेऊन हेलपाटे घालतंय. असे पैसे आले तर हात लावायचा नाही, बँकेला लेखी कळवायचं.

केबल_ते_क्लाउड, मंगळवार, सकाळी ७.३०

मेल बंद करण्याबद्दल. पुण्यात हेच काम करतो, मूळचा मिरजेचा.

पाठवणाऱ्याला ब्लॉक करून फारसा उपयोग नाही, तो रोज नवा पत्ता वापरतो. त्यापेक्षा 'स्पॅम म्हणून कळवा' दाबा. त्यानं गाळणी शिकते, आणि जीमेल स्पॅममधली टपाल ३० दिवसांनी स्वतःच टाकून देतं. दुसरं, अशा मेलच्या तळाशी 'सदस्यत्व रद्द करा' लिहिलेलं असतं, ते कधीही दाबायचं नाही. खऱ्या दुकानाच्या जाहिराती त्यानं बंद होतात. इथं मात्र पलीकडे एवढंच कळतं की या पत्त्यावर जिवंत माणूस आहे. चित्रांचंही तसंच. मेलमध्ये एक ठिपक्याएवढं चित्र असतं, ते उघडलं की त्यांना कळतं मेल वाचला. सेटिंगमध्ये 'बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा' करून ठेवा.

पण खरं सांगू? मामांनी चौदा उत्तरं पाठवलीत. त्यांचा पत्ता आता 'उत्तर देणारा, पैसे देणारा' या यादीत गेलाय आणि अशा याद्या विकल्या जातात. सगळ्यात सोपं म्हणजे नवा पत्ता उघडा, तो फक्त बँक, पेन्शन आणि घरच्यांना द्या. जुना लगेच बंद करू नका, पुरावा आहे. पासवर्ड तेवढा बदला.

पाठवणारा ओळखायचा तर मोबाइलवर नुसतं नाव दिसतं, 'गव्हर्नर ऑफिस'. त्या नावावर बोट दाबलं की खरा पत्ता उलगडतो. रिझर्व्ह बँकेचा पत्ता आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन, सरकारी बहुतेक जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन. बँकांनाही रिझर्व्ह बँकेनं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इन या शेपटीवर यायला सांगितलं होतं. तरी पत्ता बरोबर दिसला म्हणून डोळे झाकून विश्वास नको, तोही बनावट लावता येतो. 'उत्तर पाठवा' दाबल्यावर भलताच पत्ता उमटतो का ते बघा. बहुतेक चोर तिथंच सापडतात.

टंच, सकाळी ८.१५

मी विट्याचा, तीस वर्षं कोइमतूरला गलाईचं, म्हंजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान. आमच्या धंद्यातल्या लोकांना येतात ते मेल निराळे. घानामधून सोन्याची भुकटी! १५० किलो, '२२ कॅरेट, शुद्धता ९६ टक्के', बाजारभावापेक्षा स्वस्त, फक्त नमुना पाठवायचा खर्च आधी द्या.

आता हे वाचून आमच्या दुकानातलं पोरगंसुद्धा हसलं. २२ कॅरेट म्हंजे ९१.६७ टक्के. ९६ च्या आसपास असंल तर ते २३ कॅरेट झालं. एकाच वळीत दोन टंच, म्हंजे दोन शुद्धता! लिहिणाऱ्यानं जन्मात मूस बघितलेली न्हाई. आणि १५० किलो सोनं ज्याच्याकडं हाय तो माझ्यासारख्याला मेल करंल व्हय?

पण आमच्यातलेबी दोघं गेले त्यात. एक तर माझ्यापेक्षा जाणकार. सोनं हातात न बघता पैसे दिले. दुकानात समोर ठेवलेल्या गिऱ्हाइकाच्या अंगठीवर विश्वास ठेवत न्हाई आम्ही, घासून बघतो, आणि कागदावरच्या सोन्याला भुललो.

माजी_सुभेदार, सकाळी ९.००

साताऱ्याहून. आम्हांस अमेरिकेच्या जनरल साहेबांचे पत्र येते. इराकमध्ये पेटी सापडली, डॉलरने भरलेली, आपण विश्वासू वाटलात म्हणून आपल्या पत्त्यावर पाठवतो, कुरियरचे पैसे तेवढे भरा. २००३ साली बगदादमध्ये अमेरिकी सैनिकांना राजवाड्यांच्या आवारात डॉलरचे साठे खरोखरच सापडले होते, त्या बातमीला शेपूट लावून हे लोक आजतागायत पेट्या वाटत आहेत.

सव्वीस वर्षे नोकरी केली. सुट्टीवर येताना ट्रंकेत एक ब्लँकेट जास्त निघाले तर जाब द्यावा लागे. आणि हा जनरल मला 'प्रिय जिवलग' म्हणून डॉलरची पेटी देतोय. माझ्या सीओने, म्हणजे कमांडिंग ऑफिसरने, मला कधी 'जिवलग' म्हटल्याचे स्मरत नाही.

बेदाणा_सौदा, सकाळी ११.४५

मला एक कळत न्हवतं. एवढे हुशार चोर, मग स्पेलिंग का चुकवतात? पुतण्यानं सांगितलं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या कॉर्मॅक हर्ली नावाच्या माणसानं २०१२ ला यावरच निबंध लिहिलाय. प्रश्नच असा की नायजेरियाचे ठग आपण नायजेरियाचेच आहोत हे सांगतात कशाला? तर म्हणे मेल लाखोंना धाडायला खर्च न्हाई, खर्च हाय तो उत्तर देणाऱ्यामागं घालवायच्या वेळाचा. हुशार माणसानं उत्तर देऊन आठ दिवस घोळवायचं आणि मग पैसे द्यायचे न्हाईत, ते त्यांना परवडत न्हाई. म्हणून मेलच असा येडाबागडा करायचा की शहाणा पहिल्या वळीतच हसून टाकून देईल. मागं उरतो तो पैसे देणारा.

आमच्याकडं बेदाणा चाळतात तेव्हा बारीक माल खाली पडतो आणि टपोरा वर राहतो. ह्यांची चाळण उलटी.

वाईचा_ढोल, दुपारी १२.१०

म्हणजे मामा टपोरे?

बेदाणा_सौदा, दुपारी १२.१४

ढोल्या, गप की लेका.

निवृत्त_टपाली, दुपारी २.३०

नव्वदच्या दशकात अशी पत्रे टपालाने येत. साताऱ्यात एका पेठेत बटवड्याला होतो, तिथल्या एका व्यापाऱ्याला परदेशी तिकिटाची पाकिटे येत. तो तिकीट कापून मुलाला द्यायचा आणि पत्र केरात. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे 'स्पॅनिश कैदी'. एकोणिसाव्या शतकात युरोपात पत्रे जात की स्पेनच्या तुरुंगात एक श्रीमंत गृहस्थ अडकला आहे, सुटकेला थोडे पैसे द्या, सुटल्यावर पुरलेले धन वाटून घेऊ. पुढे नायजेरियाच्या दंडसंहितेतल्या फसवणुकीच्या कलमावरून या प्रकाराला '४१९' नाव पडले. आपल्याकडे ४२०, तिकडे ४१९. आपले ४२० आता राहिले नाही म्हणा, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१८ लागते. सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ डी, तोतयेगिरी करून ठकवल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद.

स्पष्टवक्ता_७७, सायं. ५.२०

कटू वाटेल, पण फुकटचे चार कोटी कुणाला हवे असतात? लोभ्यालाच. सहानुभूती नाही.

खडूस_काकू, सायं. ५.३५

स्पष्टवक्ते, तुमच्या घरात म्हातारं माणूस आहे का? माझ्या दिरांनी असेच पैसे घालवले आणि हेच वाक्य ऐकावं लागेल म्हणून वर्षभर घरात सांगितलं नाही. त्या वर्षात आणखी दोनदा गेले. पहिल्यांदा सांगितलं असतं तर नऊ हजारांवर थांबलं असतं.

कृष्णाकाठची, रात्री १०.३०

काकू, थँक्यू. आज १९३० ला फोन केला, मामांना न सांगता, मामींच्या मोबाइलवरून तपशील काढून. तक्रार क्रमांक मिळाला.

आणि स्पष्टवक्ते, लोभाबद्दल. मीही काल तसंच समजत होते. आज दुपारभर मामांजवळ बसले. त्यांना ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांकडून मिळते ती, पेन्शन आहे. त्यात सरकारनं किमान १००० रुपये ठरवले ते २०१४ ला, यावरून अंदाज करा. मामांना दोन हजारांच्या थोडी वर मिळते. शिवाय कारखान्याकडं पगारातल्या फरकाची थकबाकी आहे. बारा वर्षं अर्ज करतायत. प्रत्येक वेळी नवा फॉर्म, नवा दाखला, स्टँपपेपर, 'आधी हे भरा मग बघू'. त्या फाइलचीही जाडी दाखवली त्यांनी मला, याच्या तिप्पट.

मामा म्हणाले, "ह्यांनी फुकट देतो म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. फॉर्म मागितला, फी मागितली, पावती दिली. आपले पैसे आपल्याला मिळायला असंच लागतंय की."

मला काही बोलताच आलं नाही. आपण सगळे म्हणतो, आधी पैसे मागितले की ओळखावं ठग आहे. पण ज्यानं आयुष्यभर स्वतःच्याच पैशासाठी आधी पैसे भरलेत, त्याला ती खूण कशी पटावी?

स्पष्टवक्ता_७७, रात्री १०.५०

शब्द मागे घेतो.

बँकेतली, रात्री ११.०५

हे वाचून गप्प बसले मी पण. काउंटरच्या अलीकडच्या बाजूनं हे दिसत नाही.

मामांना फरक असा सांगून बघा. सरकारी फी चलनानं सरकारी खात्यात जाते, कुणा माणसाच्या बचत खात्यात जात नाही. रिझर्व्ह बँक तुमच्याआमच्यासाठी बचत खातं उघडतच नाही, मग त्यात कोटी पडणार कुठून? लॉटरी-बक्षिसाचा मेल असेल तर त्यासाठी परदेशी पैसे पाठवायलाच फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, नियमांत मनाई आहे.

आणि पडून असलेले पैसेच शोधायचे असतील तर रिझर्व्ह बँकेचं खरं पोर्टल आहे, उद्गम, ऑगस्ट २०२३ पासून. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी तिथं नाव टाकून शोधता येतात. फी नाही. सापडल्या तर त्या बँकेच्या शाखेत कागदपत्रं घेऊन जायचं. मामांच्या वडिलांच्या नावानं शोधा, त्यांचं मन तरी गुंतेल.

टंच, रात्री ११.२०

ताई, एक सुचवू? मामा टाइमकीपर ना? त्यांना मजकूर दाखवू नका, वेळा दाखवा. आवक नोंदवताना त्यांनी वेळ लिवलीया म्हणालात.

केबल_ते_क्लाउड, रात्री ११.३१

टंचदादा, भारी. नुसत्या वेळेवरून शाबीत काही होत नाही, मेल आपोआपही सुटू शकतो. पण मामांना पटायला हरकत नाही.

कृष्णाकाठची, शनिवार, रात्री ८.४०

वेळ दाखवायची गरजच पडली नाही. मी फक्त म्हटलं, "मामा, या आवकच्या वेळांचा एक तक्ता करून द्याल का, तक्रारीला लागेल." चष्मा पुसला, पट्टी घेतली, रेघा मारल्या. २३ ओळी. सतराव्या ओळीला पेन थांबला. मग पुन्हा वरून बोट फिरवत खाली आले. रात्री २.४७. रात्री ३.१०. रविवार, रात्री १.५५. दिवाळीच्या पाडव्याला पहाटे ४.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मामींना म्हणाले, "दिल्लीचं हापिस पाडव्याला पहाटे चार वाजता कोण उघडतंय गं?"

मामी म्हणाल्या, "मी तेच म्हणत होते."

"तू वेळ नव्हती सांगितलीस," मामा म्हणाले.

१५,००० चा पत्ता नाही. ३५०० पैकी २२०० एका खात्यात होल्डवर सापडलेत, परत मिळायला वेळ लागेल म्हणाले. नवा मेल पत्ता करून दिलाय. उद्गमवर आजोबांच्या नावानं काही निघालं नाही, आजींच्या नावानं उद्या शोधणार आहेत.

वाईचा_ढोल, रात्री ८.५२

मामांना आमच्याकडून दंडवत. पहिल्या कमेंटबद्दल माफ करा. साताऱ्याला आले तर कंदी पेढे माझ्याकडून.

खडूस_काकू, रात्री ९.०५

आता एक येईलच. 'तुमचे गेलेले पैसे आम्ही सोडवून देतो' असा. सायबर पोलीस म्हणून, वकील म्हणून. आमच्या दिरांना आला होता. त्या वर्षातला दुसरा फटका तोच.

कृष्णाकाठची, पुढचा गुरुवार, सायं. ६.१५

काकू, तुमच्या तोंडात साखर म्हणू की काय म्हणू. जुन्या पत्त्यावर आला. 'सायबर वसुली विभाग', १८,५०० परत, फक्त २००० भरा. मामांनी प्रिंट काढलीय, पंच केलीय. आवक २४. शेरा लाल शाईत: 'गैरहजर. रात्री २.२०.'